टवक्याच्या बाजूने

मीनाकामाच्या डबीचा एवढासा जरी टवका उडालेला असला तरी ती घ्यायची नाही, हा माझा अनेक वर्षांचा नियम होता. आज मी बरोबर उलट वागतो. टवका नसलेली जुनी डबी कुणी समोर ठेवली की मला आधी संशय येतो. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी तारापूरच्या कारखान्यात जावं लागेल.

माझी सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत झाली, औषधांचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्याच्या मेन्टेनन्समध्ये. आमच्या माकुणसार गावाहून सफाळे, सफाळ्याहून शटलने बोईसर, तिथून कंपनीची बस. (डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली, तोवर शटल चुकली की हजेरी गेली.) कामाचा मोठा भाग ‘जीएलआर’ सांभाळण्याचा. जीएलआर म्हणजे ग्लास लाइन्ड रिअॅक्टर. बाहेरून जाड पोलाद आणि आतून गर्द निळी काच. ही काच चिकटवलेली नसते. काचेची भुकटी पाण्यात कालवून पोलादावर फवारतात आणि भट्टीत आठशे अंशांच्या आसपास तापवतात. ती वितळून धातूला घट्ट धरते. मग पुन्हा थर, पुन्हा भट्टी. शेवटी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचं अस्तर होतं आणि त्याच्या भरवशावर आत गरम आम्ल राहतं.

या अस्तराचा मोहरीएवढा टवका उडाला तरी आम्ल पोलादापर्यंत पोचतं. बॅच काळी पडते आणि पुढे भांडंच जातं. म्हणून शटडाउनच्या वेळी आत उतरून स्पार्क टेस्ट करायची. उच्च दाबाच्या विजेचा धातूचा ब्रश काचेवरून फिरवायचा. जिथे पिनहोल असेल तिथे चट्कन ठिणगी उडते. लहान भोक असेल तर टॅन्टलम धातूचा प्लग बसवून काम भागतं, मोठं असेल तर अख्खी काच काढून नव्याने भट्टी. आत पडलेला एखादा पाना, वेळेआधी सोडलेलं थंड पाणी, कुणाच्या तरी बुटाची टाच, एवढ्याने लाखोंचं नुकसान होताना मी पाहिलेलं आहे. अशा कामात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला टवका उडालेल्या वस्तूत काही सौंदर्य दिसत नाही. त्याला फक्त रिपोर्ट लिहायचा असतो.

डब्यांचा नाद लागला तो त्या निळ्या काचेमुळेच. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी दिलेले संग्रह आहेत. तिथल्या चीन-जपानच्या दालनात फिरताना मला पहिल्यांदा कळलं की मी रोज ज्या काचेच्या पोटात उतरतो, तीच काच लोकांनी तळहातावर मावेल एवढ्या डबीवर चढवलेली आहे. काम तेच, फक्त पोलादाच्या जागी तांबं, चांदी नाहीतर सोनं. रंगही आमच्या ओळखीचे निघाले. निळा कोबाल्टचा. हिरवा तांब्याचा. पांढरा कथलाचा, म्हणजे आपण कल्हईला वापरतो त्याच धातूच्या भस्माचा. आणि अठराव्या शतकात चिन्यांनी मिळवलेला तो गुलाबी रंग चक्क सोन्याचा. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत विखुरले की काच गुलाबी होते. एवढं रसायनशास्त्र एका डबीत बघून मी गार झालो.

मग सुट्टीच्या दिवशी चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर चकरा सुरू झाल्या. पगार बेताचा, त्यामुळे सोन्यावरच्या मीनाकामाकडे बघायचंसुद्धा नाही. जयपूरची परंपरा राजा मानसिंगाने लाहोरहून कारागीर आणले तिथपासून सांगतात. तिथे सोन्यात बारीक खळगे कोरून त्यात मीना भरतात. जास्त आच सोसणारा पांढरा आधी, सर्वांत नाजूक लाल शेवटी. या कामाबद्दल जेकब आणि हेंडली यांनी १८८६ साली एक पुस्तक काढलं, त्यातली रंगीत चित्रं बघण्यावरच मी समाधान मानलं. माझ्या आवाक्यात होतं ते तांब्याचं काम. चिनी डब्या, आणि क्वचित कधीतरी एखादी इंग्रजी.

या इंग्रजी डब्यांवर माझा विशेष जीव. अठराव्या शतकात इंग्लंडात तपकिरीसाठी, गोळ्यांसाठी, गालावर चिकटवायच्या काळ्या टिकल्यांसाठी अशा डब्यांची फॅशन होती. आपल्याकडे तपकिरीची डबी आजोबांच्या बंडीत असायची, तिकडे ती मेजवानीत मिरवायची. दुकानदार यांतली प्रत्येक डबी ‘बॅटरसी’ची म्हणून विकतो. खरा बॅटरसीचा कारखाना लंडनजवळ यॉर्क हाउसमध्ये १७५३ ला निघाला आणि १७५६ ला बुडाला. मालकांपैकी स्टीफन जॅन्सन हा लंडनचा महापौर झालेला गृहस्थ. त्याचंही दिवाळं निघालं. तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मालातून जगभरच्या दुकानांत ‘बॅटरसी’च्या एवढ्या डब्या कुठून येणार? बहुतेक सगळ्या बिल्स्टन, बर्मिंगहॅम या भागातल्या, आणि त्यांतही बऱ्याच एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कंपनीने केलेल्या नकला. हे सगळं मी वाचून जाणून होतो. तरी दुकानात गेलो की माझी परीक्षा एकच: भिंग काढायचं, कडा तपासायच्या, बिजागरीपाशी बघायचं. टवका दिसला की डबी परत.

काही डब्या चित्रापायी सोडवल्या नाहीत, त्या मी मुंबईत एकाकडून दुरुस्त करून आणल्या. तो टवक्यात राळेसारखं काहीतरी भरून वर रंग द्यायचा. कुठे बुजवलंय ते शोधून सापडायचं नाही. मी खूश. काचेच्या कपाटात सगळ्या डब्या ओळीने, निर्दोष, दार बंद. आमची मंडळी त्या कपाटाला ‘रिकाम्या डब्यांचं वसतिगृह’ म्हणायची. “अहो, यातल्या एकीत तरी काही ठेवू द्या की,” हे तिचं पालुपद. मी ऐकलं नाही. ते बाकी बरंच झालं, कारण पुढे सांगतो.

मत हललं ते चिंचणीच्या एका गृहस्थांमुळे. आमच्या पट्ट्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, पण चिंचणी, वरोर, डहाणू या भागात दागिन्यांचे ठसे कोरण्याचा मोठा हातउद्योग आहे. धातूच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची, त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबून दागिन्याचा भाग काढायचा. त्या ‘डाय’ देशभरच्या सराफ बाजारात जातात. हे गृहस्थ त्यातले जुने कारागीर, एका लग्नाच्या निमित्ताने आमच्याकडे उतरलेले. मी हौसेने कपाट उघडलं. चांगल्या चांगल्या डब्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी भिडेखातर मान डोलावली. मग त्यांची नजर खालच्या फळीवर, दुरुस्तीला पाठवायच्या म्हणून बाजूला काढून ठेवलेल्या एका डबीवर गेली. झाकणाच्या कडेला नखाएवढा टवका, आतलं तांबं उघडं.

ती त्यांनी उचलली आणि चित्राकडे ढुंकूनही न बघता टवक्यावर अंगठा फिरवला. म्हणाले, “हा पत्रा हातानं ठोकलेला नाय. ठशातून काढलाय. कडेला ताण बघा कसा आलाय, आमच्यासारखाच.” मग झाकण उलटं करून: “आतूनपण काच दिलीय. नाय दिली तर पत्रा वाकंल.”

दुसरी गोष्ट मला माहीत होती. पातळ पत्र्यावर एकाच बाजूने मीना चढवला तर भट्टीतून निघाल्यावर धातू जास्त आकसतो, काच कमी, आणि पत्रा पापडासारखा वळतो. म्हणून आतूनही थर द्यावाच लागतो. आमचं पोलाद इतकं जाड की रिअॅक्टरला ही गरज पडत नाही. पण पहिली गोष्ट मला कधी दिसलीच नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅम भागात लाटून काढलेला पातळ पत्रा ठशात दाबून डब्यांचे आकार काढू लागले. त्यामुळेच या डब्या श्रीमंतांच्या हातून मध्यमवर्गाच्या हाती आल्या. हे पुस्तकात वाचलेलं वाक्य मला त्या टवक्यात डोळ्यांनी दिसलं, आणि दाखवलं ते चिंचणीच्या माणसाने, कारण तो तेच काम करतो. माझ्या बुजवून आणलेल्या डब्यांतून त्याला यातलं काही वाचता आलं नसतं. मीच पैसे देऊन ते पान चिकटवून टाकलं होतं.

एवढ्याने माणूस बदलत नाही. मी तर नाहीच. पाहुणे गेल्यावर मी स्वतःशी वाद घातला: ठीक आहे, अभ्यासाला एखादी तुटकी डबी ठेवावी, पण घरात मांडायची ती अखंडच. हे मधलं मत काही पावसाळे टिकलं.

ते खाऱ्या हवेने मोडलं. माकुणसारची खाडी, केळव्याचा समुद्र. आमच्याकडे सायकलच्या रिमा आणि खिडक्यांचे गज दोन वर्षांत गंजतात. काचेला या हवेचं काही होत नाही, हा माझा कारखान्यातला अनुभव, आणि डब्यांवरचा खरा मीना त्याला जागला. पण बुजवलेले भाग हळूहळू पिवळे पडले. पांढऱ्याशुभ्र झाकणावर चहा सांडल्यासारखा एक डाग. राळ पिवळी पडतेच, उन्हाने आणि वयाने. काच पडत नाही. जोवर दुरुस्ती नवी होती तोवर दोन्ही एकरूप, आणि वेळ गेली तशी दोघांनी आपापली जात दाखवली. एका डबीचा तो भाग सुटून आला तेव्हा खाली हिरवा कळंक होता. भरलेल्या मालाखाली ओल कोंडली होती आणि तांबं आतून खात होती. उघडा टवका कोरडा तरी राहतो. तांब्यावर तपकिरी थर बसतो आणि तोच पुढची झीज थोपवतो. शिवाय बुजवताना कागद फिरवून शेजारचा चांगला मीनाही थोडा घासून काढला होता, हेही आता दिसलं. ते परत येणारं नाही.

त्यानंतर मी कपाटातल्या सगळ्या डब्या नव्याने तपासल्या. या वेळी दोष शोधायला नाही, वाचायला. कारखान्यातल्या भांड्याला आपण विचारतो, उद्या आम्ल धरशील का? त्या प्रश्नाला टवका म्हणजे सरळ नापास. डबीला हा प्रश्न विचारायचं कारणच नाही. तिला विचारायचं, तुझं काय काय झालं? आणि त्याचं उत्तर अखंड मीन्यात सहसा मिळत नाही. झाकणाच्या पुढच्या कडेला, जिथे अंगठा लागतो, तिथे बारीक टवक्यांची रांग असली तर ती डबी कुणीतरी रोज उघडत-मिटत होतं. बिजागरीपाशी तडे असले तर झाकण जोरात मागे पडत आलंय. तळाच्या एकाच कोपऱ्यात मोठा घाव असला तर ती एकदा फरशीवर पडली आहे, बस्स. सगळीकडून निर्दोष डबी एकतर कुणी वापरलीच नाही, किंवा काल-परवा केलेली आहे, किंवा माझ्यासारख्या कुणी तरी बुजवून घेतली आहे. पहिली शक्यता खरी असू शकते, पण मटन स्ट्रीटवर बाकीच्या दोन जास्त भेटतात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी पूर्वीही गेलो होतो. पण या सगळ्यानंतर गेलो तेव्हा वेगळं पाहिलं. दिनकर केळकर चष्म्याच्या व्यवसायातले. स्वतःच्या खर्चाने, गावोगाव हिंडून त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, भांडी जमवली आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यांच्या अडकित्त्यांची पाती झिजलेली आहेत. दिव्यांना काजळी आहे. त्यांनी ती निर्दोष हवी म्हणून अडून बसायचं ठरवलं असतं तर आज त्या वाड्यात फार थोडं राहिलं असतं. मुंबईच्या संग्रहालयात मला काच शिकायला मिळाली. वस्तू कशी ठेवावी ते मी पुण्यात शिकलो. एरवी पुण्याचं कौतुक करायला आम्ही पालघरकर लवकर तयार होत नाही, तेवढी नोंद घ्यावी.

आता या नव्या मताला काही जण भाबडं म्हणतात, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. टवका आला म्हणजे वस्तू थोर झाली असं नव्हे. कुरिअरवाल्याने आपटून आणलेला टवका हा निव्वळ निष्काळजीपणा. त्याचं कौतुक मी करणार नाही. किमतीच्या दृष्टीने अखंड डबी आजही महागच जाते, तेव्हा गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी माझं ऐकू नये. आणखी एक. जुनेपणाचा पुरावा म्हणून लोक टवके शोधू लागले की टवकेही बनवले जातात. त्याला उपाय आहे. ताज्या टवक्याच्या कडा धारदार असतात आणि तांबं लालसर चमकतं. जुन्याच्या कडा बोटाला बोथट लागतात, खाचेत मळ बसलेला असतो, तांबं तपकिरी झालेलं असतं. बुजवलेली जागा ओळखायला नोटा तपासायचा निळा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पुरतो. अंधारात धरला की भरलेली राळ बहुधा शेजारच्या काचेपेक्षा वेगळी चमकते. नखाने टिचकी मारली तरी फरक कळतो. काच टण् करते, राळ बद्द वाजते. स्पार्क टेस्ट मात्र घरी करू नये.

मंडळीला डब्या वापरू दिल्या नाहीत ते बरं झालं असं म्हणालो, त्याचं कारण आमच्या वाडीतच आहे. केळवे-माहीमचा पट्टा पानवेलींचा. जेवणानंतर पान लावायची पद्धत आमच्याकडे अजून टिकून आहे, आणि तिच्या मनात एका सुंदर चिनी डबीत चुना ठेवायचा होता. चुना अल्कली. आम्ही कारखान्यात ग्लास लायनिंगला दोन गोष्टींपासून जपायचो, हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि गरम कॉस्टिक. चुना त्या कॉस्टिकचाच गरीब भाऊ. महिन्याभरात काचेची झळाळी गेली असती. शिवाय जुन्या मीन्यात शिसं असतं. ते पानाबरोबर पोटात जाणं बरं नाही. तेव्हा जुन्या मीन्याच्या डबीत खाण्याचं काही ठेवायचं नाही. या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. तडजोड म्हणून एका डबीत आता तिच्या शिवणाच्या सुया असतात. वसतिगृहात एक भाडेकरू आली.

कायद्याची एक गोष्टही सांगून ठेवतो. न्यू जर्सीहून आलेल्या भाचीला यातली एक डबी बरोबर न्यायची होती. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. “मामा, एवढीशी तर आहे,” ती म्हणाली. कायद्यात आकार लिहिलेला नाही. तिला मी नवी जयपुरी घेऊन दिली.

मी अजूनही डब्या घेतो, पूर्वीपेक्षा कमी आणि पूर्वीपेक्षा स्वस्त. दुरुस्तीला पाठवणं बंद. ज्यांची राळ पिवळी पडली आहे त्या तशाच ठेवल्या आहेत. ती काढायची असेल तर संवर्धनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाच्याच हातून. एरवी हात लावला तर मीना आणखी निघेल. कपाटात औषध कारखान्यांत वापरतात तशा सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत, आणि त्या मी पावसाळ्यात न चुकता बदलतो.

तुमच्या घरी आजीची, पणजीची मीन्याची डबी किंवा कुंकवाचा करंडा असेल तर एवढंच करा. दसऱ्या-दिवाळीला पितळेबरोबर तिला चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका. आंबटाने जुना मीना कायमचा निस्तेज होतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पाण्यात बुडवू नका, कारण पाणी तड्यातून आत शिरतं आणि बाहेर निघत नाही. चमकवून देतो, बुजवून देतो म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. आणि कधी टवका उडालाच, तर तो तुकडा केरात टाकू नका. कागदाच्या पुडीत घाला, वर तारीख लिहा आणि पुडी त्याच डबीत ठेवा.